सुईच्या आधी चित्र : प्रोस्टेटच्या एमआरआय तपासणीचा माझा अनुभव

पाटबंधारे खात्यात असताना धरणाच्या पायाची जागा तपासण्यासाठी आम्ही ठरावीक अंतरावर विंधन छिद्रे घेत असू आणि त्यांतून निघालेले खडकाचे कोअर, म्हणजे लांबट गोल तुकडे, लाकडी पेट्यांमध्ये क्रमाने मांडून ठेवत असू. दोन छिद्रांच्या मधोमध खडकाला भेग असेल, तर दोन्ही पेट्यांतला काळा बेसॉल्ट अखंड दिसतो आणि भेग नकाशावर येतच नाही, हे आमच्या वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी बजावले होते. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, वयाच्या ६६व्या वर्षी, तीच गोष्ट मला स्वतःच्या शरीराबाबत नव्याने समजून घ्यावी लागली. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान करताना एमआरआय आधी का करावा, तो कसा झाला पाहिजे, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे मी अनुभवले तसे लिहीत आहे. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी तपासण्यांचा क्रम उलटा होता, आणि हे सगळे लिहावेसे वाटण्याचे खरे कारण तेच आहे.

दादाचे पीएसए २०११ साली ९ आले होते. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन असून रक्तात त्याचे प्रमाण वाढले की कर्करोगाची शंका घेतात, परंतु वयोमानाने ग्रंथी मोठी झाली किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला तरीही ते वाढते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दादाची गुदमार्गातून सोनोग्राफीच्या आधारे बायोप्सी झाली आणि ग्रंथीच्या ठरलेल्या बारा जागांवरून बारा तुकडे घेतले गेले. सोनोग्राफीत ग्रंथीची कड दिसते, पण आतली गाठ बहुतेक वेळा वेगळी ओळखू येत नाही, त्यामुळे सुई कुठे न्यायची हे अंदाजानेच ठरते. अहवाल निर्दोष आला. तिसऱ्या रात्री मात्र दादाला हुडहुडी भरून ताप आला आणि सहा दिवस रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके घ्यावी लागली. पुढच्या वर्षी पीएसए १३ झाले, पुन्हा बारा तुकडे घेतले, पुन्हा अहवाल निर्दोष आला, आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०१४ मध्ये कंबरदुखीसाठी काढलेल्या मणक्याच्या एमआरआयमध्ये हाडांत पसरलेला रोग दिसला. त्यानंतर प्रोस्टेटचे चित्र घेतले, तेव्हा गाठ ग्रंथीच्या अगदी पुढच्या भागात, जघनास्थीच्या मागे होती. गुदमार्गातून जाणारी सुई ग्रंथीत मागच्या बाजूने शिरते आणि पुढच्या भागापर्यंत क्वचितच पोहोचते. दादा फेब्रुवारी २०१६ मध्ये गेला. त्याच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण त्या वेळी सगळीकडे हीच पद्धत होती.

सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो, हे कळल्यापासून मी दरवर्षी पीएसए तपासत होतो. जून २०२३ मध्ये ते ७.४ आले. साताऱ्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली आणि चार आठवड्यांनी पीएसए पुन्हा करायला सांगितले. ते ७.१ आले. लगेच बायोप्सी करून टाकू, असे त्यांचे मत पडले. मी दादाची हकिकत सांगून आधी एमआरआय करता येईल का, असे विचारले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीवर फक्त ‘एमआरआय पेल्व्हिस’ एवढेच शब्द होते.

इथे जी चूक झाली ती कुणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून ती तपशिलाने सांगतो. ज्या केंद्रात मी गेलो तिथे चिठ्ठीवर लिहिले होते तेवढेच, म्हणजे ओटीपोटाचे सर्वसाधारण चित्रण झाले. पंधरा मिनिटांत मी बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी अहवाल मिळाला : प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढलेली आहे, इतर विशेष काही नाही. घरी सौभाग्यवतींनी देवापुढे कंदी पेढे ठेवले आणि मुलाला पुण्याला फोन केला. मुलाने मात्र, बाबा, आता तपासणी झालीच आहे तर मूत्ररोगतज्ज्ञाला एकदा दाखवून घेऊ, असा आग्रह धरला.

पुण्यातील तज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून फिल्म उजेडात धरल्या आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, “काका, ही तपासणी प्रोस्टेटसाठी केलेलीच नाही. यात काही दिसले नाही, याचा अर्थ काही नाही असा होत नाही.” प्रोस्टेटसाठी चित्रे जास्तीत जास्त तीन मिलिमीटर जाडीच्या छेदांची आणि नेमकी त्या ग्रंथीवर रोखलेली असावी लागतात, त्यांच्या जोडीला पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी डिफ्युजन नावाची चित्रमालिका असावीच लागते, आणि अहवालात पाय-रॅड्स नावाच्या पद्धतीने संशयाचे गुण द्यावे लागतात. माझ्या तपासणीत यांपैकी एकही गोष्ट नव्हती. अशा तपासणीला मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय म्हणतात आणि चिठ्ठीवर हाच शब्द असायला हवा होता. दोनदा पैसे भरावे लागले याचे मला फारसे दुःख नाही. माझ्या घरात तीन दिवस खोटा दिलासा नांदला, याचे दुःख अधिक आहे. चिठ्ठी आणि अहवाल यांच्यामध्ये कुणीतरी एकदा विचारायला हवे होते की हा माणूस कशासाठी आला आहे.

तज्ज्ञांना मी माझ्या भाषेत विचारले की चित्र आधी घेण्याने नेमका किती फरक पडतो. त्यांनी ब्रिटनमधील प्रोमिस या अभ्यासाबद्दल सांगितले, जो २०१७ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांची एमआरआय आणि जुनी बारा तुकड्यांची बायोप्सी अशा दोन्ही तपासण्या झाल्या आणि त्याखेरीज खरे उत्तर समजावे म्हणून भूल देऊन संपूर्ण ग्रंथीतून दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेण्यात आले. पाच मिलिमीटरचे जाळे म्हटल्यावर मी खुर्चीत पुढे सरकलो, कारण पायाच्या तपासणीत छिद्रे इतकी जवळजवळ घेतली तरच भेग सुटत नाही, हे आम्हाला ठाऊक असते आणि तसे करणे कधीच परवडत नाही. त्या जाळ्याशी ताडून पाहता महत्त्वाच्या, म्हणजे उपचार करावा लागेल अशा, कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयने पकडले होते आणि जुन्या बायोप्सीने फक्त ४८ टक्के. दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. ज्यांना असा कर्करोग नव्हता, त्यांच्यापैकी केवळ ४१ टक्के लोकांना एमआरआयने निर्दोष ठरवले होते, म्हणजे चित्रात संशयास्पद दिसले तरी तो कर्करोगच असेल असे नाही. पुढच्याच वर्षी प्रिसिजन हा ५०० पुरुषांचा अभ्यास आला आणि त्यात आधी एमआरआय केलेल्या गटात ३८ टक्के, तर थेट बायोप्सी केलेल्या गटात २६ टक्के लोकांमध्ये महत्त्वाचा कर्करोग सापडला. ज्याला उपचारांची गरजच नसते असा निरुपद्रवी कर्करोग सापडण्याचे प्रमाण मात्र २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. मला हा शेवटचा आकडा फार मोलाचा वाटतो. निरुपद्रवी गाठ सापडली तरी माणूस उरलेले आयुष्य कर्करोगाचा रुग्ण म्हणूनच काढतो.

आणखी एक व्यावहारिक कारण त्यांनी सांगितले. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळते आणि ते काही आठवडे चित्रांत गोंधळ घालते, म्हणून बायोप्सी आधी केली तर नंतरच्या एमआरआयसाठी दोनएक महिने थांबावे लागते. साताऱ्यातच घाईने सुई टोचून घेतली असती, तर हाही वेळ गेला असता.

दुसरी तपासणी जुलैच्या अखेरीस झाली. आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासले, कारण गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारे शिरेतले औषध, द्यायचे तर मूत्रपिंडे ठीक असावी लागतात. चार तास उपाशी राहायला सांगितले होते आणि सकाळी एनिमा घ्यायला लावला होता, कारण गुदाशय प्रोस्टेटला अगदी चिकटून असतो आणि त्यात वायू साठला असेल तर डिफ्युजनची चित्रे वेडीवाकडी येतात. केंद्रात एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरून घेतली : पेसमेकर आहे का, हृदयात स्टेंट आहे का, शरीरात कुठे पट्टी किंवा स्क्रू आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. माझ्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या जाळीबद्दल मी शंका काढली, तेव्हा ती धातूची नसून प्लॅस्टिकची असल्याचे जुन्या कागदांवरून पाहून तंत्रज्ञ मुलीने होकार दिला. अंगठी, घड्याळ, पट्टा, कवळी सगळे एका पिशवीत गेले. हे यंत्र तीन टेस्लाचे होते. पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वावर होकायंत्राची सुई फिरते, त्याच्या साठ हजारपट किंवा त्याहून अधिक ताकदीचे ते चुंबक असते आणि तपासणी चालू नसतानाही ते चालूच असते, म्हणून दारातून एखादे नाणे आत नेणेही धोक्याचे ठरते.

मला उताणे झोपवून ओटीपोटावर एक जाड, चपटी पट्टी बांधली. शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणूंकडून येणारे क्षीण संदेश ती टिपते. दंडात सुई, कानांत बोळे, त्यावर हेडफोन, हातात दाबायचा रबरी चेंडू. आतडी शांत राहावीत म्हणून एक इंजेक्शनही दिले. “काका, चाळीस मिनिटे अजिबात हलायचं नाही हं. घाबरल्यासारखं झालं तर चेंडू दाबा,” असे सांगून ती काचेपलीकडे गेली आणि मी नळीत सरकलो.

नळीचे छत नाकापासून वीतभर अंतरावर होते. पहिली काही मिनिटे मला खरोखर भीती वाटली आणि मी डोळे मिटून कण्हेरच्या कालव्याची कामे एकामागून एक आठवू लागलो. आवाजाविषयी सर्वांनी सांगितले होते, तरी तो तसा असेल असे वाटले नव्हते. आधी लाकडावर हातोडी पडावी तसे संथ ठोके, मग खडक फोडणाऱ्या ब्रेकरसारखा सलग खणखणाट. चुंबकाच्या आतल्या वेटोळ्यांमधून वीज अतिशय वेगाने चालू-बंद केली जाते, त्यामुळे ती वेटोळी थरथरतात आणि हा आवाज निघतो, हे नंतर समजले. डिफ्युजनच्या वेळी तर सबंध फळीच पाठीखाली थरथरत होती. शेवटी हेडफोनमधून “आता औषध सोडते” असे शब्द आले आणि दंडापासून खांद्यापर्यंत गार पाण्याची रेघ चढत गेली. कॉन्ट्रास्ट ग्रंथीत किती लवकर शिरते आणि किती लवकर बाहेर पडते, हे त्या वेळी पाहतात, कारण गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. कॉन्ट्रास्टशिवाय केलेली छोटी तपासणीही, चित्रे चांगल्या प्रतीची असतील तर, महत्त्वाचा कर्करोग शोधण्यात कमी पडत नाही, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राइम या अभ्यासात दिसले आहे. आपल्याकडे यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही वाचू शकतील, याचा मला मनापासून आनंद आहे.

अहवाल देणाऱ्या रेडिओलॉजिस्टनी माझी विनंती मान्य करून पडद्यावर मला माझी चित्रे दाखवली, आणि या सगळ्या प्रवासातला तो अर्धा तास मला सर्वांत स्पष्ट आठवतो. आयुष्यभर छेदांचे नकाशे वाचल्यामुळे मला ती चित्रे परकी वाटली नाहीत. वरून खाली तीन-तीन मिलिमीटरचे छेद ते माउसने सरकवत होते. पहिल्या मालिकेत ग्रंथीचा मधला भाग गाठाळ, करडा आणि तिला मागून कवेत घेणारा बाहेरचा भाग चंद्रकोरीसारखा पांढराशुभ्र दिसत होता. उजवीकडे, मध्यावर, त्या पांढऱ्या कोरीत शाई सांडावी तसा एक काळपट ठिपका होता. “आता हीच जागा डिफ्युजनमध्ये पाहा,” असे म्हणून त्यांनी दुसरे चित्र शेजारी आणले. तेथे तो ठिपका कोळशासारखा काळा होता, आणि तिसऱ्या चित्रात, जिथे बाकीची ग्रंथी विझून गेली होती, तिथे तोच ठिपका दिव्यासारखा पेटलेला होता. निरोगी ग्रंथीत बारीक नलिका आणि पोकळ्या असल्याने पाण्याचे रेणू मोकळे हिंडतात, तर कर्करोगाच्या पेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की पाण्याला हलायला जागा उरत नाही. वाळूत पाणी झिरपते आणि चिकणमातीत अडते, हे मी जन्मभर पाहत आलो होतो. त्यामुळे त्यांना ते दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागले नाही.

अहवालात लिहिले होते : ग्रंथीचे आकारमान ४६ घन सेंटिमीटर, उजव्या बाहेरच्या भागात ११ मिलिमीटरची गाठ, पाय-रॅड्स ४, ग्रंथीचे आवरण शाबूत, लसिका ग्रंथी व कमरेची हाडे निर्दोष. पीएसएला आकारमानाने भागले की पीएसएची घनता मिळते. माझ्या बाबतीत ७.१ला ४६ने भागून ती ०.१५ आली, आणि नेमक्या याच आकड्यापासून डॉक्टर अधिक सावध होतात.

‘४’ हा आकडा वाचून घरात जे झाले ते मी विसरणार नाही. सौभाग्यवतींनी कागद खाली ठेवला आणि “अहो, म्हणजे चौथी स्टेज?” एवढेच विचारून त्या खाली बसल्या. हा गैरसमज इतका स्वाभाविक आहे की अहवाल हाती देतानाच तो दूर करायला हवा. पाय-रॅड्सचे गुण एक ते पाच असतात आणि उपचार करावा लागेल असा कर्करोग तेथे असण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगतात. रोग किती पसरला आहे याच्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो. एक किंवा दोन म्हणजे शक्यता फार कमी, तीन म्हणजे सांगता येत नाही, चार म्हणजे शक्यता बरीच, पाच म्हणजे खूपच. मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली, तरी त्या रात्री आम्ही दोघेही जेवलो नाही.

चित्र म्हणजे निदान नव्हे, निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते, म्हणून ऑगस्टमध्ये बायोप्सी झाली. या वेळी सुई गुदमार्गातून न नेता वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून नेली, कारण त्या वाटेने जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो आणि ग्रंथीच्या पुढच्या भागापर्यंतही पोहोचता येते. ही वाट दादाच्या नशिबी आली नाही. एमआरआयमध्ये रेखलेली गाठ संगणकाने सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवली होती आणि डॉक्टर त्या लाल वर्तुळावर नेम धरत होते. जागा बधिर केलेली असल्याने मी जागा होतो. प्रत्येक तुकड्याला स्प्रिंगचा ‘खट्’ असा आवाज येई आणि आत बोटाने टिचकी मारल्यासारखे वाटे. गाठीतून तीन आणि उरलेल्या ग्रंथीतून ठरलेले बारा, असे पंधरा तुकडे घेतले. शेवयांसारखे बारीक, पांढरट, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब असे ते तुकडे परिचारिकेने जागेचे नाव लिहिलेल्या वेगवेगळ्या बाटल्यांत घातले. टेबलावरून मान वळवून त्या रांगेकडे पाहताना मला आमच्या कोअरच्या पेट्या दिसल्या. प्रत्येक पेटीवर छिद्राचा क्रमांक आणि खोली लिहिलेली असेच.

अहवाल आठ दिवसांनी आला. गाठीतून घेतलेल्या तीनही तुकड्यांत कर्करोग होता आणि त्याचा ग्लीसन गुणांक, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रचनेवरून ठरणारा उग्रतेचा आकडा, ३ अधिक ४, म्हणजे ७ होता. अंदाजाने घेतलेल्या बारांपैकी अकरा तुकडे निर्दोष होते आणि एकात केवळ एक मिलिमीटर लांबीचा, ३ अधिक ३ असा सौम्य कर्करोग होता. तज्ज्ञांनी बोट ठेवून सांगितले की फक्त हे बारा तुकडे घेतले असते, तर माझा आजार अगदी सौम्य गटात नोंदला गेला असता आणि काही करू नका, लक्ष ठेवा, असा सल्ला देऊन मला घरी पाठवले असते. तो सल्ला अनेकांच्या बाबतीत अगदी योग्य असतो. ब्रिटनमधील प्रोटेक्ट अभ्यासात १५ वर्षांनंतरही शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ देखरेख या तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. परंतु देखरेखीचा निर्णय खऱ्या चित्रावर घेतला पाहिजे, आणि माझे खरे चित्र त्या अकरा निर्दोष तुकड्यांत नव्हते.

शस्त्रक्रियेचा निर्णय मी दादाची आठवण आणि माझा स्वभाव दोन्ही लक्षात घेऊन केला. तो सर्वांनाच लागू आहे असे मी म्हणत नाही. ऑक्टोबरमध्ये ग्रंथी काढली. शस्त्रक्रियेआधी सर्जन पुन्हा एकदा एमआरआयचे छेद पाहत बसले होते, कारण गाठ उजव्या आवरणापासून किती आत आहे यावर त्या बाजूच्या मज्जातंतू वाचवायच्या की नाहीत हे ठरायचे होते.

पाया उघडा झाला की कोअरवरून काढलेला नकाशा आम्ही प्रत्यक्ष खडकाशी ताडून पाहत असू, म्हणून काढलेल्या ग्रंथीचा अहवाल आला तेव्हा मी एमआरआयचा अहवाल शेजारी ठेवून दोन्ही एकत्र वाचले. गाठ उजव्या बाहेरच्या भागात, मध्यावर, चित्रात होती तिथेच होती. चित्रात ११ मिलिमीटर मोजलेली गाठ प्रत्यक्षात १४ मिलिमीटरची निघाली. एमआरआयमध्ये गाठ थोडी लहान दिसते हे मला आधी सांगितले होते. ग्लीसन ३ अधिक ४ कायम राहिला, आवरण शाबूत होते, काढलेल्या ग्रंथीच्या कडा कर्करोगमुक्त होत्या. डाव्या बाजूला दोन मिलिमीटरचा आणखी एक सौम्य ठिपका निघाला, जो एकाही चित्रात दिसला नव्हता.